पंप गळतोय म्हणून ‘प्लंजर गेला’ सांगतात, तेव्हा

इंजिनच्या डिझेल पंपाखाली थेंब दिसले की निदान ठरलेलं असतं : ‘प्लंजर गेला, पंप पूर्ण बांधावा लागेल.’ (प्लंजर म्हणजे पंपाच्या आत डिझेल दाबून इंजेक्टरकडे पाठवणारा दांडा; तो ज्या भागात चालतो ते हेड.) हे ऐकून ओव्हरहॉलचं पूर्ण बिल भरलेला एक व्हीई प्रकारचा रोटरी पंप पुन्हा गळू लागला, म्हणून दुसरीकडे खोलला गेला. बिलावर चार कामं होती : नवं हेड-प्लंजर, पूर्ण सील किट, बेंचवर कॅलिब्रेशन (चाचणी यंत्रावर पंपाचं माप जुळवणं), टायमिंग (डिझेल सुटण्याची वेळ लावणं).

आत निघालं ते असं. बाहेरून चंदेरी रंगाचा ताजा फवारा आणि रंगाखाली हेड-बॉडीच्या सांध्यात जुना मळ जसाच्या तसा, म्हणजे हेड हललंच नव्हतं. हेडची ओ-रिंग चपटी आणि कडक, नखाने तुटेल अशी. प्लंजरवर जुन्या झिजेचे ओरखडे. तांब्याचे वॉशर जुनेच. वरच्या कव्हरला गॅस्केटऐवजी सिलिकॉन, त्याचे तुकडे सुटून आत तरंगत होते. आणि फुल-लोड स्क्रू, म्हणजे जास्तीत जास्त डिझेल किती जावं ते ठरवणारा स्क्रू, आत फिरवलेला! यातच खरी मेख आहे. स्क्रू आत गेला की डिझेल जास्त जातं, पिकअप वाढतो, मालकाला वाटतं पंप नवा झाला. काळा धूर दिसेपर्यंत गॅरेजवाल्याचे पैसे वसूल झालेले असतात.

मुळात निदानच खोटं होतं. व्हीई पंपाची पूर्ण बॉडी डिझेलने भरलेली असते, तेच त्याचं वंगण. प्लंजर झिजला तर डिझेल बॉडीतच परत येतं, बाहेर टपकत नाही. झिजेची लक्षणं वेगळी : थंड इंजिन नीट सुरू होतं, गरम झाल्यावर बंद केलं की पुन्हा लागत नाही. पंपावर थंड पाण्याचं ओलं फडकं ठेवल्यावर लागलं, तर प्लंजरवर संशय घ्यायला जागा आहे. थेंब दाखवून प्लंजर विकणारा एकतर अडाणी असतो, नाहीतर लबाड. (इनलाइन पंपाची, म्हणजे दर सिलिंडरला वेगळा प्लंजर असलेल्या पंपाची, गोष्ट निराळी. तिथे झिजलेल्या प्लंजरमधून डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं; डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते आणि वास येतो.)

गळती शोधायला पंप उतरवावा लागत नाही. डिग्रीझरने धुवा, हवेने कोरडा करा, टाल्कम पावडर भुरभुरवा आणि इंजिन आयडलवर ठेवा. डिझेल खाली ओघळतं, म्हणून खालचा थेंब पाहू नका. सगळ्यात वरचा ओला डाग कुठे उमटतो ते आरशाने पाहा. जागा ठरलेल्या आहेत : बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर, वरचं कव्हर, थ्रॉटल शाफ्ट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह होल्डर, हेडचा सांधा, अॅडव्हान्सचं (वेगाप्रमाणे टायमिंग पुढे नेणाऱ्या भागाचं) झाकण, ड्राइव्ह शाफ्टचा सील. हाय-प्रेशर पाइपजवळ बोट नेऊ नका, पुठ्ठा धरा. ती धार कातडीतून आत शिरते.

यातल्या बहुतेक जागी काम वॉशरचं किंवा ओ-रिंगचं असतं. दोन अपवाद महाग पडतात. थ्रॉटल शाफ्ट हाताने हलवल्यावर खडखडला तर बुश गेलेला आहे, नुसती रिंग टिकणार नाही. ड्राइव्ह शाफ्टचंही तेच. शिवाय तिथलं डिझेल टायमिंग बेल्टवर गेलं की बेल्ट फुगतो, म्हणून या गळतीचं काम लांबणीवर टाकून चालत नाही. रिंगा व्हायटॉन या रबराच्याच मागा. जुन्या नायट्राइल रबराच्या रिंगा कमी गंधकाच्या डिझेलवर आकसतात.

बाहेरून कोरडा पंपही असाच विकला जातो. सकाळी उशिरा सुरू होणारी गाडी बऱ्याचदा एअर घेत असते, आणि ती फिल्टर, होज किंवा हँड प्रायमरवरून. पंपाच्या इनलेटला पारदर्शक पाइप लावा, बुडबुडे दिसतील. मग आखूड होजने स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून पंपाला थेट पुरवठा द्या. त्रास गेला तर दोष पंपाच्या अलीकडे आहे, पंप उतरवू देऊ नका.

उतरवणं भागच असेल तर आधी पंपावरच्या प्लेटचा फोटो घ्या, हेडवर आणि बॉडीवर आडोशाला पंच-मार्क करा. प्लंजरसकट सगळे जुने भाग परत मागायचे, हे काम देतानाच बोला. बेंचच्या कागदावर पंपाचा टाइप नंबर, आरपीएम, दर हजार स्ट्रोकला किती सीसी, बॉडीचं प्रेशर आणि अॅडव्हान्स मिलिमीटरमध्ये हवं. ‘कॅलिब्रेशन ओके’ एवढाच शिक्का म्हणजे पंप बेंचवर चढला की नाही याचा काहीच पुरावा नाही.

टायमिंग ‘कानाने’ लावणाऱ्याला थांबवा. डायल गेज लावून, त्या इंजिनच्या मॅन्युअलमधल्या प्लंजर लिफ्टच्या (प्लंजर किती सरकला त्याच्या) आकड्यावर ते बसवायचं असतं.

परत बसवताना रिटर्नचा बँजो बोल्ट पाहा. त्यावर ‘आउट’ असं इंग्रजीत कोरलेलं असतं आणि आत बारीक भोक असतं. तो इनलेटला गेला की गाडी रेस घेत नाही, आणि ‘आता फीड पंप (डिझेल आत ओढणारा पंप) गेला’ म्हणत दुसरं बिल तयार होतं. ते बिल मान्य करण्याआधी दोन्ही बोल्ट काढून भोकं बघून घ्या.