जुन्या बॉक्सरांची प्रसिद्ध वाक्यं खरी की प्रक्षिप्त? मोफत वृत्तपत्र-संग्रहांचा आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बॉक्सरच्या नावावर फिरणारं वाक्य खरोखर त्याचं आहे का, हे तपासायला क्रॉनिकलिंग अमेरिका (अमेरिकेचं लायब्ररी ऑफ काँग्रेस), ट्रोव्ह (ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय ग्रंथालय) आणि पेपर्स पास्ट (न्यूझीलंडचं राष्ट्रीय ग्रंथालय) हे तीन संग्रह आठ महिने सतत वापरात आहेत. जोडीला लढतींच्या नोंदींसाठी बॉक्सरेक हे संकेतस्थळ. तिन्ही संग्रह मोफत आहेत आणि काम चोख होतं, पण आख्खं वाक्य शोधपेटीत टाकून नाही. आधी लढत पक्की करायची, मग तिची तारीख, मग त्या तारखेच्या आगेमागे आठवडाभराचे अंक उघडायचे. वाक्य सगळ्यात शेवटी शोधायचं.

हा क्रम का, ते बॉब फिट्झसिमन्सच्या वाक्यावरून नीट कळतं. ‘द बिगर दे आर, द हार्डर दे फॉल’, म्हणजे जितका मोठा तितका जोरात आपटतो. जिम जेफ्रीजशी लढण्याआधी तो हे म्हणाला, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. त्या दोघांच्या लढती दोन. ९ जून १८९९ ला कोनी आयलंडला आणि २५ जुलै १९०२ ला सॅन फ्रान्सिस्कोला. दोन्ही जेफ्रीजनेच जिंकल्या. पण छापील दाखला आहे ब्रुकलिन डेली ईगलच्या ११ ऑगस्ट १९०० च्या अंकातला, म्हणजे दोन्ही लढतींच्या मधला. आदल्याच रात्री फिट्झसिमन्सने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये धिप्पाड गस रुहलिनला सहाव्या फेरीत झोपवलं होतं. शब्दही वेगळे आहेत. ‘हार्डर’ नाही, तर ‘द फर्दर दे हॅव टू फॉल’, तितकं जास्त खाली पडावं लागतं. म्हणजे १९०२ ची कथा आपोआप गळते. या दैनिकाचा १८४१ ते १९५५ चा संग्रह ब्रुकलिन पब्लिक लायब्ररीने मोफत ठेवला आहे, पान स्वतः उघडून पाहावं.

म्हण मात्र त्याचीही नाही. उंच मनोरे जास्त जोरात कोसळतात, हे रोमन कवी होरेसने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. शिवाय हेच वाक्य जो वॉलकॉटच्याही नावावर सांगतात. उंची पाच फुटांच्या जरा वर आणि लढायचा आपल्यापेक्षा कितीतरी वजनदार माणसांशी, त्यामुळे त्याच्या तोंडी ते शोभतं. शोभणं हा पुरावा नव्हे. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ आलं म्हणून तो गाथेतला ठरत नाही, तसंच हे.

नावांचे सापळे इथे फार वेळ खातात. बार्बाडोसचा जो वॉलकॉट वेगळा आणि १९५१ साली हेवीवेट विजेता झालेला जर्सी जो वॉलकॉट वेगळा. दुसऱ्याचं खरं नाव अर्नोल्ड क्रीम, त्याने पहिल्याचं नाव उचललं. जॅक डेम्प्सीही दोन. ‘नॉनपरेल’ म्हणून ओळखला जाणारा १८९५ साली वारला आणि १९१९ चा विजेता त्याच साली जन्मला. तारखेची चौकट न लावता ‘जॅक डेम्प्सी’ शोधलंत तर दोघांची खिचडी समोर येते. उलट बातमीदार पूर्ण नाव टाळायचे. फिट्झसिमन्ससाठी ‘फिट्झ’, ‘लँकी बॉब’, ‘रुबी रॉबर्ट’ असं सगळं शोधावं लागतं.

आता शोधपेटीबद्दल. ही पानं मायक्रोफिल्मवरून स्कॅन झालेली आहेत आणि अक्षरं यंत्राने ओळखलेली. इंग्रजीतल्या ‘आर’ आणि ‘एन’ची जोडी ‘एम’ होते, ‘ई’चा ‘सी’ होतो, रकान्याच्या काठावर शब्द तुटून दोन ओळींत जातो. सात शब्दांचं अवतरण जसंच्या तसं शोधलं तर एक अक्षर चुकलं तरी निकाल शून्य. म्हणून वाक्यातले दोन कमी वापरातले शब्द आणि बॉक्सरचं टोपणनाव, एवढंच टाका. क्रॉनिकलिंग अमेरिकेत शोध पानावर चालतो, बातमीवर नाही, त्यामुळे एक शब्द बॉक्सिंगच्या बातमीत आणि दुसरा शेजारच्या साबणाच्या जाहिरातीत सापडतो. पेपर्स पास्टमध्ये बातम्या सुट्या केलेल्या आहेत, तिथे हा त्रास नाही. ट्रोव्हवर वाचक स्वतः मजकूर दुरुस्त करू शकतात, आणि अशा दुरुस्त पानांवर अवतरण पटकन सापडतं.

अमेरिकन बॉक्सरांसाठी न्यूझीलंडचा संग्रह कशाला, असं वाटेल. फिट्झसिमन्स लहानाचा मोठा झाला न्यूझीलंडमधल्या टिमरूमध्ये, लोहारकाम करत, आणि तिथली पत्रं त्याच्यावर लक्ष ठेवून असायची. तारेने आधी दोन ओळींचा निकाल यायचा. सविस्तर वृत्तान्त आगबोटीच्या टपालाने काही आठवड्यांनी, अमेरिकन पत्रांतून उतरवलेला, अनेकदा मूळ पत्राच्या नावासकट. ते नाव हाती लागलं की मूळ अंकापर्यंत मागे जाता येतं. सहसा दुर्लक्षित राहणारी ही वाट सगळ्यात उपयोगी आहे.

काही मिळालं नाही म्हणून वाक्य खोटं ठरत नाही. ‘आय कॅन लिक एनी सन ऑफ अ बिच इन द हाउस’, म्हणजे इथल्या कुठल्याही हरामखोराला मी लोळवीन, हे जॉन एल. सुलिव्हनचं ब्रीद म्हणून सांगतात. त्या काळची दैनिकं शिवी छापत नसत, तिथे आडवी रेघ यायची. रेघ कुठल्याच शोधपेटीत सापडत नाही. इथे ‘सापडलं नाही’ याचा अर्थ एवढाच.

याच सुलिव्हनचं ७ सप्टेंबर १८९२ चं भाषण पाहा. न्यू ऑर्लीन्सला जिम कॉर्बेटने त्याला एकविसाव्या फेरीत पाडलं, आणि त्याने दोरीला धरून प्रेक्षकांना सांगितलं की हरायचंच होतं तर अमेरिकन माणसाकडून हरलो याचं समाधान आहे. आशय पक्का. शब्द मात्र पत्रागणिक बदलतात, कारण हलकल्लोळात जे ऐकू आलं ते बातमीदार रिंगणाशेजारच्या तारवाल्याला सांगत होते. अशा वेळी अवतरणचिन्हं न घालता आशयच द्यावा.

पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता जॅक जॉन्सन याच्या नावावरचं वाक्य सरळ बाद करता येतं. ‘मी काळा आहे, ते मला कधी विसरू देत नाहीत. मी काळाच आहे, आणि मी त्यांना कधी विसरू देणार नाही.’ जॉन्सन १९४६ साली गेला. हे शब्द त्याच्यावरच्या १९७० च्या माहितीपटातले आणि त्याला संगीत देणाऱ्या माइल्स डेव्हिसच्या अल्बममधले, नट ब्रॉक पीटर्सच्या आवाजात. जॉन्सनची खरी मुलाखत शंभर वर्षांपूर्वीच्या पानावर पडून असताना लोकांनी नटाचा संवाद त्याच्या तोंडी घालावा, याचं मनापासून वाईट वाटतं.

१९१९ च्या विजेत्या डेम्प्सीचं ‘हनी, आय फरगॉट टू डक’, म्हणजे प्रिये, वाकून ठोसा चुकवायचं विसरलो, हे पक्कं आणि बाद यांच्या मधल्या गटातलं. २३ सप्टेंबर १९२६ ला फिलाडेल्फियात जीन टनीकडून हरल्यावर तो बायकोला, एस्टेल टेलरला, हे म्हणाला. नवराबायकोतलं बोलणं, म्हणजे आधार त्या दोघांच्याच सांगण्याचा. ‘डेम्प्सीने सांगितल्याप्रमाणे’ असं जोडलं की पुरे. १९८१ साली गोळी लागल्यावर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी तेच वाक्य पत्नीला ऐकवलं, म्हणून काही ठिकाणी ते त्यांच्याच नावावर दिसतं.

जो लुईचं ‘ही कॅन रन, बट ही कान्ट हाइड’, म्हणजे तो पळेल पण लपणार कुठे, हे खरं आहे, फक्त लढत चुकीची जोडतात. बिली कॉनशी १९४१ ची लढत नव्हे, १९ जून १९४६ ची फेरलढत.

मुहम्मद अलीच्या वाक्यांसाठी मात्र हे संग्रह बहुतांशी अपुरे. क्रॉनिकलिंग अमेरिका १९६३ पाशी थांबतं, ट्रोव्हवरची बहुतेक दैनिकं १९५४ पाशी, कारण प्रताधिकार. फुलपाखरासारखं तरंगायचं आणि मधमाशीसारखा डंख मारायचा, हे वाक्य फेब्रुवारी १९६४ चं, सनी लिस्टनशी झालेल्या लढतीआधीचं, आणि त्यात त्याचा साथीदार ड्रू बुंडिनी ब्राउनचा हात होता. ‘व्हिएतकाँगशी माझं भांडण नाही’ हे १७ फेब्रुवारी १९६६ चं, बातमीदारांसमोरचं. त्याला पुढे चिकटवलेलं, व्हिएतकाँगने मला कधी वर्णद्वेषी शिवी दिली नाही, हे वाक्य त्या काळात निदर्शकांच्या फलकांवर होतं, त्या दिवशीच्या त्याच्या बोलण्यात नव्हतं. या काळासाठी सशुल्क संग्रह लागतो. वर्षाची वर्गणी भरण्याआधी, सभासदांनी कापून ठेवलेली कात्रणं फुकट दिसतात का ते बघा.

मराठी सुविचारातून सुरुवात करत असाल तर आधी इंग्रजी मूळ दोनतीन प्रकारे बांधून पाहा. आणि पान सापडल्यावर पूर्ण पानाची पीडीएफ उतरवून ठेवा, नुसतं कात्रण नको. पत्राचं नाव, तारीख आणि पृष्ठांक वरच्या पट्टीत असतात, आणि कात्रणात नेमकी तीच कापली जाते.