मुलाखत अवघड होती, म्हणूनच मी फसले

मी नाशिकची, बी.ई. कॉम्प्युटर, २०२४ पासआउट. कॅम्पसमध्ये काही झालं नाही. पहाटेची एसटी धरून हिंजवडीच्या वॉक-इनला जायचं आणि रात्री हात हलवत परत यायचं, असे चार-पाच फेरे झाले होते. अशात कॅनडा कॉर्नरजवळच्या एका कन्सल्टन्सीतून फोन आला. पुण्यातल्या मोठ्या कंपनीत फ्रेशरची जागा, पॅकेज ३.६ लाख, मुलाखत नाशिकलाच.

आधी ॲप्टिट्यूडचा पेपर झाला. वीसेक जणांतून आठ घेतले. पैशांचं कुणी अवाक्षर काढलं नाही. मग व्हिडिओ कॉलवर टेक्निकल राउंड. पहिलाच प्रश्न, डेटाबेसच्या डिलीट आणि ट्रंकेट या कमांडमध्ये फरक काय? डिलीटला व्हेअरची अट लावून हव्या त्या ओळी काढता येतात, ट्रंकेट अख्खं टेबल रिकामं करतं, इतकं सांगितलं. मग लिंक्ड लिस्ट उलटी करायला लावली. मी कागदावर कोड लिहून कॅमेऱ्यासमोर धरला, तर समोरच्या सरांनी पॉइंटर कुठे चुकला ते नेमकं पकडलं आणि चांगलंच झापलं. चाळीस मिनिटं घाम फुटला होता. खोटी मुलाखत असती तर उगाच इतकं कशाला विचारतील, असं मला वाटलं. मला तसं वाटावं, हेच त्यांना हवं होतं.

दोन दिवसांनी ऑफर लेटर आलं. पाठोपाठ फोन: बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन आणि लॅपटॉपचं डिपॉझिट मिळून २८,००० रुपये, पहिल्या पगारासोबत परत. संध्याकाळी सहापर्यंत भरा, नाहीतर जागा वेटिंगवरच्या मुलाला जाईल. पप्पा अंबडला कंपनीत आहेत. त्यांनी पतपेढीतून पैसे उचलले. क्यूआर स्कॅन केला तेव्हा स्क्रीनवर कंपनीचं नाव नव्हतं, कुणा एका माणसाचं होतं. माझा हात थांबला. विचारलं तर म्हणाले, "आमचे अकाउंट्सवाले आहेत." मी पिन टाकला.

त्यानंतर जॉइनिंग पुढे-पुढे जात राहिलं. "प्रोजेक्ट होल्डवर आहे." तेही पटलं, कारण २०२२ साली ऑफर मिळालेल्या मुलांना मोठ्या कंपन्यांनीसुद्धा दीड-दोन वर्षं ताटकळत ठेवल्याच्या बातम्या आम्ही सगळ्यांनी वाचल्या होत्या. असे सात महिने गेले.

शेवटी पप्पांना घेऊन थेट पुण्याला कंपनीत गेले. तिथल्या एचआर मॅडमनी लेटर ज्या ईमेलवरून आलं, तो पत्ता बोट ठेवून दाखवला. कंपनीच्या नावापुढे एक आडवी रेघ आणि 'करिअर्स' असं जोडलेलं. त्या म्हणाल्या, "बाळा, व्हेरिफिकेशनचा खर्च आम्ही करतो, मुलांकडून एक रुपया घेत नाही." पप्पा परतीच्या गाडीत एक शब्द बोलले नाहीत.

सायबर पोलिसांत तक्रार दिली आहे. पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. पण १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर पैसे गेल्या-गेल्या फोन केला असता तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता आली असती. मी केला तोवर खातं रिकामं झालं होतं. तुमचे पैसे कालच गेले असतील तर हे पुढे वाचू नका, आधी १९३० लावा. यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा क्रमांक), ईमेल, चॅट यातलं काहीही डिलीट करू नका.

मागच्या आठवड्यात आमच्या ज्युनिअरच्या ग्रुपवर तशीच जाहिरात आली. कन्सल्टन्सीचं नाव वेगळं, पत्ता गंगापूर रोडचा. एक मुलगी मुलाखत देऊन आली होती. तिला विचारलं, पहिला प्रश्न काय होता? म्हणाली, "ताई, डिलीट आणि ट्रंकेट."