‘एका दिवसात प्लँटेड टँक’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात सारखी फिरते: दोन फुटी टँक, लाइट, फिल्टर, खरी झाडं, मासे, सगळं घरपोच, एका दिवसात, 16,500 रुपयांत. आम्ही नेरूळला राहतो. बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्यासाठी हा टँक घेतला आणि आम्ही पद्धतशीर लुबाडले गेलो. नवीन टँक घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा.

हा टँक विकणाऱ्या माणसाची खरी कमाई मासे मरण्यावर आहे. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून पाण्यात माशांना घातक असा अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढणारे बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नव्या टँकमध्ये हे बॅक्टेरिया पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याने मात्र जेमतेम 70 लिटर पाण्यात पहिल्याच संध्याकाळी 40 मासे सोडले. लेबल नसलेल्या बाटलीतून काहीतरी ओतलं आणि म्हणाला, “ताई, बॅक्टेरिया घातलेत, आता टेन्शन नाही.”

आठवडाही झाला नाही तोच मासे वर येऊन धापा टाकायला लागले. फोन केला की उत्तर तयार असायचं. आधी ‘ऑक्सिजन कमी पडतोय’ म्हणून दुसरा पंप. मग ‘इन्फेक्शन’ म्हणून निळं औषध, ज्याने टँकच्या सिलिकॉनच्या कडा कायमच्या निळ्या झाल्या. मग मेलेल्यांच्या जागी नवे मासे, पुन्हा पैसे देऊन. व्हिजिटचे 500 रुपये वेगळे.

दर सर्व्हिसला तो फिल्टरचा स्पंज काढून बेसिनच्या नळाखाली पार स्वच्छ होईपर्यंत पिळायचा. आपल्याकडे मोरबे धरणाचं पाणी क्लोरीन घालून येतं. पिण्यासाठी ते हवंच, पण स्पंजमध्ये जे थोडेफार बॅक्टेरिया तग धरून असायचे ते त्या धुण्यात जायचे आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. पाणी बदलताना क्लोरीन मारणारं औषधही त्याने कधी घातलं नाही. त्याला हे कळत नसेल असं म्हणायला जागा नाही. त्याच्या दुकानातल्या टँकचे स्पंज मुलगा बादलीत काढलेल्या टँकच्याच पाण्यात धुताना मी स्वतः पाहिलाय.

शेवटी बाबांच्या ओळखीतले, वर्षानुवर्षं टँक ठेवणारे कोपरखैरण्याचे एक काका टेस्ट किट घेऊन आले. नळीत थेंब टाकल्यावर पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते गडद हिरवं झालं. अमोनिया.

झाडं बघून तर ते फार चिडले. लकी बांबू, पांढऱ्या पट्ट्यांची ड्रसीना, जांभळ्या पानांचं हेमिग्राफिस: ही कुंडीत लावायची रोपं आहेत. पाण्याखाली काही आठवडे हिरवी दिसतात, मग कुजतात, आणि त्या कुजण्यातून आणखी अमोनिया होतो. मी एक जांभळं रोप उपटून पाहिलं. वरची पानं टवटवीत होती, पण देठ धरताच साल सुटून बोटांना चिकटली, आत नुसता तपकिरी लगदा, आणि वास असा की खिडकी उघडावी लागली. एकच जावा फर्न खरोखर पाण्यातली होती. तिचा आडवा कंद लाकडाला किंवा दगडाला बांधायचा असतो. याने तो वाळूत पुरला होता, म्हणून तीही सडली.

माशांतही तेच. पाठीवर गुलाबी-हिरवी रेघ असलेले ग्लास फिश मुळात पारदर्शक असतात. तो रंग सुईने टोचलेला असतो आणि काही महिन्यांत उतरतो. जिवंत माशाला असं टोचून विकायचं, याचा मला सगळ्यात जास्त संताप आला. ‘छोटे शार्क’ म्हणून दिलेले पंगासियस, म्हणजे हॉटेलात बासा म्हणून मिळतो तोच मासा, मोठे होऊन मीटरभराच्याही पुढे जातात. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, मोठे झाले की ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ या नेरूळच्या बागेतल्या तळ्यात सोडून द्या. कृपा करून असलं काही करू नका. बाहेरून आलेल्या माशांनी इथल्या पाण्याचं आधीच पुष्कळ नुकसान केलंय.

टँक घ्यायचाच असेल तर पाणी भरून फिल्टर सुरू करा आणि माशांची घाई करू नका. ओळखीत कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्यांच्या फिल्टरचा वापरलेला स्पंज मागा, बॅक्टेरिया लवकर वाढतात. प्रत्येक झाडाचं आणि माशाचं नाव विचारा, घरी जाऊन तपासा, मगच पैसे द्या. सुरुवातीला व्हॅलिसनेरिया, अनुबियास, जावा फर्न पुरे.

आणि बिल घ्या, त्यावर नावं आणि संख्या लिहून घ्या. आम्हाला त्याने शेवटपर्यंत बिल दिलं नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथा धरली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. यूपीआयच्या पावत्या, त्याचे मेसेज, मेलेल्या माशांचे आणि कुजलेल्या झाडांचे तारखेसकट फोटो, सगळं जपून ठेवा. आम्ही तक्रार केली ती याच पुराव्यांवर.