एअरसॉफ्टसाठी वॉकीटॉकी: ४४६चा साधा सेट की बाओफेंग?

इंग्लंडमध्ये एअरसॉफ्ट (प्लॅस्टिकचे छरे मारणाऱ्या बंदुकांनी खेळायची लुटुपुटीची लढाई) खेळायला लागलेली आपली मुलं पहिला वॉकीटॉकी घेताना हमखास इथेच अडतात: विनापरवाना चालणारा पीएमआर ४४६चा सेट घ्यावा की स्वस्तातला बाओफेंग यूव्ही-५आर?

आकडे पाहिले तर बाओफेंग भारी वाटतो. चार-पाच वॉट ताकद, बदलता येणारी अँटेना, हवी ती फ्रिक्वेन्सी. ४४६ला अर्धा वॉट, १६ चॅनेल आणि न निघणारी अँटेना. पण खेळ चालतो काहीशे मीटरच्या झाडीत. तिथे अर्धा वॉट पुरतो.

मुख्य अडचण कायद्याची आहे. बाओफेंगमध्ये ४४६चे चॅनेल भरून बोलणं बेकायदा आहे. 'लो'वर ठेवला तरी तो साधारण १ वॉट सोडतो, शिवाय अँटेना निघते, म्हणून तो नियमात बसतच नाही. सेट जवळ ठेवायला हरकत नाही, बोलायला परवाना हवा. हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, पट्ट्यात बोलायचं तर टीममधल्या प्रत्येकाकडे हॅम परवाना पाहिजे. जास्त ताकद खरोखरच लागणार असेल, तर क्लबने ऑफकॉमचा (ब्रिटनमधली रेडिओ परवाने देणारी सरकारी संस्था) 'सिंपल लाइट' परवाना घ्यावा. ५ वर्षांचे ७५ पाउंड. अमेरिकेतल्या भावाकडून तिथले विनापरवाना चालणारे एफआरएस सेट मात्र मागवू नका. ते ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर चालतात आणि इथे ते वापरता येत नाहीत.

४४६ घेतला म्हणजे जबाबदारी संपली असंही नाही. हे चॅनेल सगळ्यांचे आहेत; शेजारच्या बांधकामावरची माणसंही तिथेच बोलत असतात. 'प्रायव्हसी कोड' या नावाला फसू नका. कोड लावल्याने तुमचं बोलणं लपत नाही, फक्त इतरांचं तुम्हाला ऐकू येत नाही. त्यामुळे चॅनेल मोकळा समजून आपण बटण दाबतो आणि दुसऱ्याचं बोलणं मधेच तुटतं. मॉनिटरचं बटण दाबून आधी ऐका, मग बोला. मार्शलचा (खेळावर देखरेख करणाऱ्या पंचाचा) चॅनेल कोणता ते सकाळीच विचारून घ्या आणि त्यावर गप्पा मारू नका. कुणाला खरोखर लागलं तर तोच उपयोगी पडतो. आणि हिट झालात की रेडिओवरही गप्प. मेलेल्या खेळाडूने शत्रूची जागा सांगणं ही सरळ फसवणूक आहे.

माझं मत ४४६च्या बाजूने आहे. उरलेले पैसे चांगल्या इअरपीसवर घाला, नाहीतर झुडपात लपलेल्या तुम्हाला तुमचाच स्पीकर पकडून देईल.