भोपळ्याच्या वेलावरच्या ढेकणांसाठी १०,००० पीपीएमचं निंबोळी तेल

कोल्हापुरातल्या कृषी सेवा केंद्रांत सहज मिळणारी ही बाटली परसबागेसाठी घ्यावी अशीच आहे (पीपीएम म्हणजे तेलातल्या अझाडिरॅक्टिन या कीडनाशक घटकाचं प्रमाण, दहा लाख भागांत किती ते), पण आधी कीड ओळखा.

वेलाच्या शेंड्याला, देठाला चिकटून रस शोषणारा, नारिंगी अंगाचा, काळ्या डोक्याचा, चिरडला की उग्र वास मारणारा तो ढेकूण. पानाला भोकं दिसली तर मात्र तो तांबडा भुंगेरा. जेमतेम ७ मिलिमीटरचा, हात लावायच्या आत उडतो. त्याच्या अळ्या मातीत मुळं खातात, तिथे पानांवरची फवारणी पोचतच नाही.

मात्रा लिटरला २ ते ३ मिली. बाटली जोरात हलवा, आधी कपभर पाण्यात तेल घोळून दुधासारखं पांढरं करा, मग पंपात ओता. वर तेलाचे डोळे तरंगले तर द्रावण फुटलंय. ते मारलं तर पानं करपतात. फवारणी सूर्य कलल्यावर, पानाच्या खालच्या बाजूनं. उन्हात औषधाचा जोर लवकर जातो, शिवाय सकाळी फुलांवर मधमाश्या असतात. आठवड्यानं पुन्हा मारा.

पिल्लांवर गुण चांगला. मोठ्या ढेकणांवर जवळजवळ नाहीच; ते सकाळी सुस्त असताना साबणाच्या पाण्यात झटकावेत. देठावर ओळीनं चिकटलेली अंडी नखानं खरवडून काढा. आपल्याकडच्या जुलैच्या झडीत मारलेलं तेल धुऊन जातं, तेव्हा उघडीप बघूनच बाटली उघडा.