काश्मीरसाठी घेतलं, ॲरिझोनासाठी जवळ ठेवलं: आगा शाहिद अली यांच्या समग्र कविता

‘द व्हेल्ड स्वीट’ हा आगा शाहिद अली यांच्या इंग्रजी कवितांचा एकत्रित खंड. कवी गेले २००१ मध्ये, खंड आला २००९ मध्ये. पानं चारशेला थोडी कमी. मी तो गेल्या पावसाळ्यात घेतला. कवितेच्या पुस्तकावर आठवड्याभरात अभिप्राय देण्यात अर्थ नसतो, म्हणून थांबले होते. आता कणा मऊ पडलाय, पानांत बसची तिकिटं अडकलीत आणि बऱ्याच कवितांच्या कडेला पेन्सिलीच्या खुणा झाल्यात. लिहायला हरकत नाही.

सीबीएसईची अकरावी केलेल्यांना हे नाव माहीत असेल. इंग्रजीच्या पुस्तकात काही वर्षांपूर्वीपर्यंत अमिताव घोष यांचा शाहिदवरचा लेख होता. आजारी कवी, ब्रुकलिनचं घर, रोगनजोशचा वास, आणि विमानतळावरचा तो प्रसंग: सुरक्षारक्षिकेने विचारलं, प्रवाशांना धोका होईल असं काही जवळ आहे का? यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, फक्त माझं हृदय. लेख गोड आहे, पण त्यातून कवी जरा नाटकी वाटतो. कविता वाचल्यावर लक्षात येतं की नाटकीपणा होताच, पण त्याखाली कारागिरी फार कडक होती.

थोडक्यात ओळख. जन्म १९४९, दिल्ली, वाढले श्रीनगरात. दिल्लीत हिंदू कॉलेज, मग सत्तरच्या दशकात पेनसिल्व्हेनियात पीएच.डी.साठी, पुढे ॲरिझोनात टूसॉनला काव्यलेखनाची पदवी, आणि नंतर अमेरिकेतल्या विद्यापीठांतून शिकवणं. आई मेंदूच्या कर्करोगाने १९९७ मध्ये गेली. चार वर्षांनी तेही त्याच आजाराने, ॲमहर्स्टला.

लोक हे पुस्तक काश्मीरसाठी विकत घेतात. मीही त्यासाठीच घेतलं. ‘द कंट्री विदाउट अ पोस्ट ऑफिस’ (१९९७) हा संग्रह १९९० च्या त्या सात महिन्यांभोवती रचला आहे, ज्या काळात खोऱ्यात टपालवाटपच झालं नाही. २०१९ नंतर तर हे शीर्षक जिकडेतिकडे दिसायला लागलं, कुणीही उठावं आणि लेखाला लावावं. संग्रह मोठा आहे, वाद नाही. पण इतके महिने पुस्तक हाताशी असताना मी परत परत उघडला तो त्याच्या आधीचा, १९९१ चा ‘अ नॉस्टॅल्जिस्ट्स मॅप ऑफ अमेरिका’. माझ्या मते शाहिदचं सर्वांत चांगलं काम तिथे आहे, आणि त्याबद्दल बोललं जातं सर्वांत कमी.

हा भटकंतीचा संग्रह. गाडी काढायची, वाळवंटातून सुटायचं, बंद पडलेल्या खाणींच्या गावात थांबायचं. स्थलांतरितांच्या कवितेत सहसा ‘माझं गाव, माझी माती’ चालू असतं; इथे माणूस नव्या देशाचाच नकाशा काढायला बसलाय आणि त्याला रस्त्यात जुना देश आडवा येतो. ओहायोतून ऐंशी क्रमांकाच्या रस्त्याने जाताना त्याला फाटा दिसतो, ‘कलकत्ता’. तो वळत नाही. कविता लिहायच्या मोहापायी पुढे निघून जातो, म्हणजे मग म्हणता येईल की अमेरिकेच्या हमरस्त्यांलगत कुठेतरी भारत असतोच. मला ही कविकल्पना वाटली होती. माझा भाचा ओहायोत असतो, त्याला विचारलं. म्हणाला, “आहे गं मावशी खरंच कलकत्ता, पण बघण्यासारखं काही नाही तिथे.” गेला असता तर कविता झाली नसती, एवढं नक्की.

या संग्रहातली ‘स्नो ऑन द डेझर्ट’ ही कविता मी किती वेळा वाचली कोण जाणे. तारीखवार सुरू होते: १९ जानेवारी १९८७, पहाटे बहिणीला टूसॉनच्या विमानतळावर सोडायला निघालेला कवी. रात्रभर वाळवंटात बर्फ पडलंय. एका चौकात (रस्त्यांची नावंसुद्धा दिलीत) धुक्याची सरकती दारं उघडतात आणि उन्हात चमकणारं बर्फ डोळे दिपवतं. त्याआधी न्यूयॉर्कमधला एक मित्र त्याला सांगून गेलाय की सूर्याचा प्रत्येक किरण सात मिनिटांचा असतो. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी इथे लाल पेन काढलं असतं. सूर्यापासून इथवर उजेड यायला आठ मिनिटं लागतात. पण त्या चुकीच्या आकड्यावर कविता उभी आहे, कारण आकाशाकडे बघणं म्हणजे भूतकाळाकडे बघणं हे त्याला तिथून मिळतं. मग सग्वारो निवडुंग येतात, हात पसरून उभे. पापागो लोक त्यांना माणसंच समजतात, असं कविता सांगते: केवळ हात आणि शिरा आहेत म्हणून नव्हे, तर तीही एक जमात आहे आणि तिचीही कत्तल होऊ शकते म्हणून. (पापागो हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव. ते स्वतःला टोहोनो ओओधाम म्हणवतात.)

बहीण जाते, परतीच्या वाटेवर धुकं पुन्हा मिटतं, आणि गाडी जणू समुद्राच्या तळाशी. आणि इथे, काही सूचना न देता, कविता दिल्लीत येते. बेगम अख्तर गातायत. बहुधा बांगलादेश युद्धाचे दिवस, बहुधा भोंगे वाजतायत. दिवे जातात, माइक बंद पडतो, श्रोते जागचे हलत नाहीत आणि बाई गात राहतात. आवाज फार लांबून येतो, जणू त्या आधीच गेल्यात. दिवे परत येण्याआधीचा तो अंधार आणि टूसॉनचं धुकं एकच होऊन जातं. ॲरिझोनाच्या रस्त्यावरून लखनौच्या गायकीपर्यंतचा हा रस्ता एकदाही खडखडत नाही. मी मुद्दाम जोड शोधायला बसले होते, सापडला नाही.

बेगम अख्तर पुस्तकभर आहेत. शाहिद त्यांना दिल्लीत तरुणपणी ओळखत होते. ३० ऑक्टोबर १९७४ ला त्या अहमदाबादेत गेल्या, त्यावरची कविता ‘द हाफ-इंच हिमालयाज’ (१९८७) मध्ये आहे. याच संग्रहात ‘द ढाका गॉझेस’ आहे. आजीकडे तिच्या आईच्या रुखवतातली ढाक्याची मलमल होती, सहा वार, अंगठीतून ओढली की खरी ठरायची. फाटली तेव्हा तिचे जरीच्या कोयऱ्या काढलेले हातरुमाल झाले, सुना-भाच्यांत वाटले गेले, आणि तेही हरवले. विणकरांचे हात छाटल्याचं कवितेत येतं. इतिहास इथे थोडा निराळा आहे: विल्यम बोल्ट्सने १७७२ मध्ये लिहिलं ते रेशीम उकलणाऱ्यांबद्दल, आणि सक्तीच्या कामातून सुटण्यासाठी त्यांनी स्वतःचेच अंगठे कापल्याबद्दल. पण शेवट पाहा. आजी म्हणते तो पोत आता फक्त शरदात पहाटे नमाजाला उठलं तर हवेत जाणवतो. आणि एका सकाळी ती दवाने खळ दिलेली हवाच नकळत आपल्या अंगठीतून ओढते. एका वस्त्राची सगळी कला त्या एका हालचालीत बसवली आहे.

‘अ वॉक थ्रू द यलो पेजेस’ ही छोटी पुस्तिकाही खंडात आहे. टेलिफोन कंपनीच्या जाहिरातींच्या ओळींवर कविता, लाल टोपीवाल्या मुलीच्या गोष्टीत लांडग्याचं म्हणणं, असा मामला. एकदा वाचून हसायचं आणि पुढे जायचं.

आईच्या मृत्यूनंतरचा ‘रूम्स आर नेव्हर फिनिश्ड’ (२००१) मात्र सावकाश वाचा. ‘लेनॉक्स हिल’ ही त्यातली कॅन्झोने, म्हणजे बारा ओळींची पाच कडवी आणि शेवटी पाच ओळी, आणि पासष्टच्या पासष्ट ओळींना शेवटी फिरून फिरून तेच पाच शब्द: आई, हत्ती, काश्मीर, मरणं, विश्व. मॅनहॅटनच्या इस्पितळात आईला ॲम्ब्युलन्सचे भोंगे मिहिरगुलाच्या हत्तींसारखे ऐकू येतात. कड्यावरून पडणाऱ्या हत्तीची किंकाळी त्या हूण राजाला इतकी आवडली की त्याने पीरपंजालमध्ये आणखी हत्ती लोटायला लावले. एवढं दुःख मुक्तछंदात सैल पडलं असतं. इथे दर ओळीला शब्द ठरलेला, पळायला जागा नाही. मी ही कविता मोठ्याने वाचली तेव्हाच ती कळली. मनात वाचताना तेच ते शब्द कंटाळा आणतात.

आता गझल. शाहिदची इंग्रजी गझल आपल्याकडच्या वाचकाला परकी वाटू नये, कारण भांडण ओळखीचं आहे. अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकांत दोन-दोन ओळींची मुक्तछंदातली रचना गझल म्हणून खपत होती. शाहिदने काफिया-रदीफ (यमक आणि त्यामागून दर शेरात तसेच येणारे शब्द) पाळल्याशिवाय गझल नाही असा हट्ट धरला आणि त्या हट्टापायी २००० मध्ये इतरांच्या नियमबद्ध इंग्रजी गझलांचं संकलन केलं. सुरेश भट नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहून मतला, अलामत, लगावली (लघु-गुरूंचा ठरलेला क्रम) शिकवत बसले, तो हाच हट्ट.

पण माझी तक्रारही इथेच आहे. शाहिद ओळींची लांबी साधारण सारखी ठेवतात, पण लगावलीवर वाढलेल्या कानाला ठेका सापडत नाही. रदीफ येतो तेव्हा दाद द्यावीशी वाटते, मधल्या वाटेवर पाऊल अडखळतं. शिवाय ‘कॉल मी इश्माएल टुनाइट’ (२००३) हा गझलांचा संग्रह सरसकट चांगला नाही. बऱ्याच गझला अमेरिकी कविमित्रांना अर्पण आहेत, आणि काही ठिकाणी काफिया आधी सुचला व शेर मागून आला हे स्पष्ट दिसतं. ‘टुनाइट’ रदीफ असलेली गझल मात्र काढून ठेवावी अशी. मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात, कवी आपलं नाव घालतो आणि बुडालेल्या जहाजातून एकटाच वाचलेल्या, मेल्व्हिलच्या ‘मोबी डिक’ कादंबरीतल्या इश्माएल या खलाशाचं नाव मागून घेतो. ते नाव इब्राहिमच्या मुलाचंही आहे, आणि त्याआधी देव कवीच्या कुशीत हुंदके देतोय.

संदर्भ अडतात, हेही सांगून ठेवते. एमिली डिकिन्सन, करबला, लैला-मजनू, ग्रीक पुराणं, पॅलेस्टिनी कवी महमूद दरविशच्या अरबी कवितेचं रूपांतर, सगळं एकाच पुस्तकात. फोन हाताशी लागतोच. इंग्रजी कवितेशी फारशी सलगी नसेल तर पहिल्या पानापासून सुरू करू नका, कारण खंड उघडतो तो शेवटच्या, अवघड कॅन्झोनेनेच. ‘हाफ-इंच हिमालयाज’, मग ‘नॉस्टॅल्जिस्ट’, मग आईचा संग्रह, आणि काश्मीर त्यानंतर. मध्येमध्ये बेगम अख्तर यांचं ‘दीवाना बनाना है तो’ लावा.

नावात ‘समग्र’ असलं तरी सगळं यात नाही. फैज़च्या अनुवादांचं पुस्तक वेगळं घ्यावं लागतं. आणि कलकत्त्याच्या रायटर्स वर्कशॉपने काढलेले सुरुवातीचे दोन संग्रह, १९७२ चा आणि बेगम अख्तर यांच्या नावाचा १९७९ चा, तेही गाळले आहेत. दुसरा जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शोधतेय. कुणाकडे असेल तर झेरॉक्सचा खर्च माझा.