ताटं कोण घासतं, ते आधी बघा

शांतता, सामाजिक न्याय, पर्यावरण या विषयांवरच्या बैठकांची पुण्यात कमतरता नाही. नवी पेठेतलं एस. एम. जोशी फाउंडेशनचं सभागृह, पत्रकार भवन, सिंहगड रस्त्यावरचं साने गुरुजी स्मारक, कोथरूडचं गांधी भवन, शनिवार-रविवारी कुठे ना कुठे काहीतरी असतंच. माझं पोळीभाजी केंद्र आहे आणि अशा बऱ्याच कार्यक्रमांचा नाश्ता किंवा जेवण आमच्याकडून जातं. त्यामुळे भाषणं मी बहुतेक वेळा दाराबाहेर, पातेल्याशी उभी राहून ऐकत आलेय. बैठक कशी आहे ते मला तिथूनच कळतं. चहा किती वाजता सांगितलाय, आधी कोण जेवतं, उरलेल्या अन्नाचं काय होतं आणि ताटं कोण घासतं, एवढं पाहिलं की पुरतं. आज जिच्याबद्दल लिहितेय, ती बैठक मी पाहिलेल्या सगळ्या बैठकांमध्ये या बाबतीत पुढे आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दांडेकर पुलाजवळच्या एका वस्तीत, तिथल्या समाजमंदिरात, महिन्याच्या चौथ्या रविवारी दुपारी साडेतीनला ती भरते. संस्था नाही, बॅनर नाही, शाल-श्रीफळ नाही. घरकाम करणाऱ्या आणि कचरा वेचणाऱ्या बायका, सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांमधली काही मंडळी, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी आणि कॉलेजची मुलं-मुली असे तीस-चाळीस जण सतरंजीवर गोल करून बसतात. दाराशी एक डबा असतो. ज्याला जमेल तो त्यात टाकतो, आणि उठण्याआधी तो सगळ्यांसमोर मोजतात.

साडेतीनची वेळ मला फार मोलाची वाटते. सभागृहातले कार्यक्रम एकतर सकाळी दहा-अकराला असतात, नाहीतर संध्याकाळी सहाला. रविवारी अकरा वाजता घरकामाची बाई तिसऱ्या घरात असते, आणि त्या घरी पाहुणे आले असतील तर दुपारपर्यंत तिची सुटका नसते. सहाला तिचा स्वतःचा स्वयंपाक व्हायचा असतो. तिच्याच प्रश्नावरचा कार्यक्रम तिला येताच येणार नाही अशा वेळी ठेवायचा आणि वरून कष्टकरी महिलांचा सहभाग वाढला पाहिजे असं बोलायचं, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. इथे आधी बायकांना विचारलं. वेगवेगळ्या वेळी बैठका घेऊन पाहिल्या, आणि ज्या वेळेला त्या सगळ्यात जास्त आल्या, ती वेळ पक्की केली. घरकाम करणाऱ्या बायकांनी 1980 मध्ये याच शहरात संप केला होता आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. अशा शहरात ही पद्धत एव्हाना सगळीकडे रुळायला हवी होती.

सुरुवात संविधानाच्या उद्देशिकेने होते. वाचणारं माणूस दर वेळी वेगळं. एकदा साक्षरतेच्या वर्गात उतारवयात वाचायला शिकलेल्या एका आजींची पाळी होती. ‘धर्मनिरपेक्ष’पाशी त्या थांबल्या, अक्षरं लावली आणि पुढे गेल्या. कुणीही मधे शब्द पुरवला नाही. नंतर एक नियम आहे, तो मला सगळ्यात जास्त आवडतो: ज्याचं ते काम, तो आधी बोलणार. पहिला अर्धा तास बाकीच्यांनी ऐकायचं, प्रश्नसुद्धा विचारायचा नाही.

कचऱ्यावरच्या बैठकीत या नियमाचा अर्थ कळला. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचकांची संघटना 1993 पासून आहे, ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था 2008 पासून दारोदारचा कचरा उचलतेय. हे पुणेकरांना ऐकून माहीत असतं. पण डायपर आणि सॅनिटरी पॅड उघडेच टाकले की ते हातात कसे येतात, ओल्या कचऱ्याच्या बादलीत फुटलेली बाटली असली की काय होतं, जिन्याने चौथ्या मजल्यावरून बादली उतरवताना लिफ्ट वापरू नका म्हणून कोण सांगतं, हे तिथे ते काम करणाऱ्या बाईने सांगितलं. समोर बसलेल्यांत तिच्याच फेरीतल्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. बोलायला मनाई असल्याने त्यांना अर्धा तास ऐकावंच लागलं. पुढच्या महिन्यात ते स्वतः उभे राहून म्हणाले, की लिफ्टवरची पाटी काढली आहे, आणि पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका करायचा हे प्रत्येक मजल्यावर लिहून लावलंय. कचरा वर्गीकरणाच्या किती तरी व्याख्यानांना मी पोहे पुरवलेत. लिफ्टची पाटी निघालेली मात्र इथेच पाहिली.

सगळ्यात जड बैठक पुराची झाली. आंबिल ओढा कात्रजकडून येतो आणि याच भागातून मुठा नदीकडे जातो. पेशवाईत नानासाहेबांनी त्याचा प्रवाह वळवला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं. आजची सारसबाग त्या तळ्याच्याच जागेवर आहे. म्हणजे या पाण्याला हवं तिथे वळवायची शहराची सवय जुनीच. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री ओढ्याला आलेला पूर या वस्तीतल्या लोकांनी अंगावर घेतला. त्यानंतर 24 जून 2021 ला, ऐन पावसाळ्यात, ओढ्याकाठची घरं पाडायला यंत्रं आली आणि न्यायालयाच्या आदेशाने ती कारवाई थांबली. गोलात दुसऱ्या बाजूला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतलं एक जोडपं बसलं होतं. 25 जुलै 2024 ला खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर मुठा त्यांच्या पार्किंगमध्ये आणि तळमजल्यांवर शिरली होती.

आधी वस्तीतल्या बायका बोलल्या. एकीने सांगितलं, की रात्री अंधारात पाण्याचा आवाज ओळखता आला म्हणून मुलांना पत्र्यावर चढवलं. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला आलेल्या माणसाने फ्रिजची पावती मागितली. फ्रिजच वाहून गेला होता, पावती कुठून आणणार? मग त्या जोडप्यातल्या ताई बोलल्या. त्यांच्या गाडीचा विमा होता, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे आठवडाभर राहता आलं, ऑफिसने रजा दिली. हे सांगता सांगता त्या मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘तुम्हाला यातलं काहीच नव्हतं ना?’’ वस्तीतल्या बाईने फक्त मान हलवली. तिथून पुढची चर्चा मी कुठल्याही परिसंवादात ऐकलेली नाही. मुळा-मुठेच्या काठाने आखलेला 44 किलोमीटरचा नदीकाठ सुधार प्रकल्प, पात्रातला भराव, पूररेषा हे सगळं त्या दोघींच्या बोलण्यातून आलं. पर्यावरण आणि न्याय हे दोन वेगळे विषय म्हणून निमंत्रणपत्रिकेवर छापले जातात. त्या दुपारी ते वेगळे काढताच आले नसते.

शांततेचा विषयही असाच जमिनीवरचा असतो. 6 ऑगस्टला हिरोशिमाची आठवण मुलं कागदी करकोचे करून करतात, ते छानच आहे. पण मला जास्त महत्त्वाची वाटली ती गणपतीच्या आधीची बैठक. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली, तेव्हा पुण्यातल्या मुस्लिम मंडळींनी आपली मिरवणूक पुढे ढकलली होती. गुरुजींनी ते उदाहरण काढलं आणि विचारलं, की आपल्या गल्लीत याची परतफेड आपण कशी करतोय? मग मंडळाच्या पोरांनी स्पीकरची दिशा आणि वेळ याबद्दल मशिदीजवळच्या दुकानदारांशी तिथेच बोलून घेतलं. सप्टेंबरातच गंज पेठेतल्या फुले वाड्यात सगळ्यांना नेलं. 24 सप्टेंबर 1873 ला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली, त्या निमित्ताने. जोतीरावांनी 1868 मध्ये आपला पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, हे मुलांना त्या हौदाशी उभं करून सांगितलं. वस्तीतल्या एका मुलीने विचारलं, की मग आपल्या नळाला पाणी फक्त पहाटे का येतं? त्या प्रश्नावरून पुढची बैठक पाण्यावर ठरली.

आता जेवणाचं. बैठक सहाला संपते आणि मग सगळे एकत्र जेवतात. मटकीची किंवा मसूरची उसळ, ज्वारीची भाकरी, कांदा, ठेचा, कधी पिठलं. हमालांच्या संघटनेच्या, म्हणजे हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’ या जेवणाच्या केंद्रांमध्ये जे तत्त्व आहे, स्वस्त पण पोटभर आणि चवीत तडजोड नाही, तेच मी इथे धरलं. दरात कुणी घासाघीस केली नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण एका मोठ्या नावाच्या संस्थेने ‘सामाजिक काम आहे’ म्हणून माझ्याकडून दर पाडून घेतला होता आणि तेवढे पैसे द्यायलाही कित्येक महिने लावले. इथे निम्मे आगाऊ आणि उरलेले जेवण झाल्यावर हातात.

थर्माकोलच्या ताटांवर महाराष्ट्रात 2018 मध्येच बंदी आली, तरी पर्यावरणाच्या कार्यक्रमांत आतून प्लास्टिकचा थर असलेली कागदी ताटं मी आजही पाहते. ती कुजतही नाहीत आणि वेचकांना विकताही येत नाहीत. इथे वर्गणीतून घेतलेली स्टीलची पन्नास ताटं आणि वाट्या समाजमंदिराच्या माळ्यावर असतात. जेवण झालं की बाहेर तीन टब मांडतात: पहिल्यात खरकटं निपटून बुचकळायचं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. खरकटं मागच्या खताच्या ड्रममध्ये. घासायची पाळी फळ्यावर लिहिलेली असते आणि त्यात गुरुजी, ते सेक्रेटरी, कॉलेजची पोरं, सगळ्यांची नावं असतात. वस्तीतल्या बायकांची नावं पहिले सहा महिने त्यात घालायचीच नाहीत असं कॉलेजच्या मुलींनी ठरवलं होतं. आठवडाभर दुसऱ्यांची भांडी घासून आलेल्या बाईने इथे बसून जेवायचं. मला हे इतकं पटलं की मी माझ्या केंद्रावरही रात्रीच्या भांड्यांची पाळी लावली.

आमच्याकडे पोळ्या लाटणाऱ्या मावशी इतर ठिकाणी डबे उतरवून रिक्षातच थांबायच्या. इथे त्यांना पहिल्याच वेळी आत बोलावलं. खाण्याच्या धंद्यातल्या मजुरीवर बैठक होती, तेव्हा नियमाप्रमाणे त्या आधी बोलल्या. शंभर पोळ्यांचा दर सांगितला, मे महिन्यात दोन तव्यांपुढे उभं राहिल्यावर रात्री पाय कसे भरून येतात ते सांगितलं, आणि मग म्हणाल्या, ‘‘घरोघरी स्वयंपाक करणारीला महिन्याच्या दोन सुट्ट्या पगारी मिळतात. मला खाडा झाला की पैसे जातात.’’ मी समोरच बसले होते आणि अर्धा तास मलाही बोलायला मनाई होती. तो प्रश्न तिथे, सगळ्यांसमोर विचारला जाणं योग्यच होतं. आमच्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या त्यांनी तो कधी विचारला नसता. आता आमच्याकडे चौघींनाही महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या आहेत. तो खर्च मी डब्याच्या दरात धरलाय आणि का वाढवला ते दुकानात लिहून लावलंय.

उणिवाही आहेत आणि त्या सुधारायलाच हव्यात. ठरलेल्या गोष्टी कुणी नीट लिहून ठेवत नाही. पंचनाम्याबद्दल अर्ज करायचं ठरलं होतं, तो कुणी करायचा यावरून दोन महिने गेले. एक वही आणि एक जबाबदार माणूस एवढंच लागेल. वस्तीतले पुरुष फारसे येत नाहीत. बायकांनी घरी जाऊन सांगायचं आणि नवऱ्याने ऐकायचं, हे कुठवर चालणार? समाजमंदिराला दोन उंच पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांना त्या चढवत नाहीत. पावसाळ्यात पत्र्याचा आवाज इतका होतो की मागच्यांना काही ऐकू येत नाही. स्वच्छतागृह एकच, आणि त्याची किल्ली शोधावी लागते. एकदा बांबूच्या वस्तू विकणाऱ्यांचं टेबल दाराशी लावलं होतं. वस्तू चांगल्या होत्या, पण आत मजुरीची चर्चा चालू असताना बाहेर दोनशे रुपयांचा टूथब्रश नको होता. बायकांनी तसं स्पष्ट सांगितलं आणि नंतर ते टेबल दिसलं नाही.

यायचं असेल तर स्वारगेटवरून सिंहगड रस्त्याकडे जाणारी बस घ्या आणि दांडेकर पुलाच्या थांब्यावर उतरा. स्वारगेटवरून चालतही येता येतं. गाडी आणू नका, गल्लीत लावायला जागा नाही आणि लोकांच्या दारात उभी राहते. पाण्याची बाटली आणा. मुलांना घेऊन या, त्यांच्यासाठी कोपऱ्यात खडू आणि पाटी असते. भाषण तयार करून येऊ नका. घासायच्या पाळीत नाव घातलं तर चालेल ना, असं दाराशीच विचारतात, तेव्हा बाह्या वर करता येतील असेच कपडे घाला. आणि जेवायला थांबणार असाल तर शुक्रवारी दुपारपर्यंत नक्की कळवा. मटकी भिजवून मोड यायला दीड दिवस लागतो, आणि रविवारी ऐनवेळी आलेल्या दहा जणांना मला पिठल्यावर भागवावं लागतं.